क्रॉलर ट्रॅक्टर, लहान

चाकांऐवजी पोलादी कड्यांच्या दोन अखंड साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरास क्रॉलर ट्रॅक्टर म्हणतात. त्यांपैकी साधारणपणे १ ते ३ टन वजनाची आणि १५ ते ३५ अश्वशक्तीची यंत्रे लहान गटात मोडतात. फळबागा, डोंगरउतारावरील शेते व खाजगी मालकीची लहान वने यांतील कामांसाठी अशी यंत्रे मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित झाली. त्यांतील बहुतेक नमुन्यांचे उत्पादन १९६५ पर्यंत थांबले. तथापि जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार करून ती वनकामासाठी वापरण्याची प्रथा तेथे अद्याप टिकून आहे. या यंत्राचा उदय, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी साखळीपट्टा हाच आहे. चाक जेथे रुतते तेथे साखळीपट्टा चालतो. परंतु ज्या मातीवर तो चालतो तीच माती त्याला झिजवीत असते. [→ ट्रॅक्टर].

इतिहास : साखळीपट्ट्याचा व्यापारी दृष्ट्या यशस्वी असा आरंभीचा उपयोग शेतात नव्हे, तर जंगलात झाला. मेन राज्यातील वॉटरव्हिल येथील ॲल्व्हिन लोंबार्ड यांनी बर्फाच्छादित वाटांवरून ओंडके ओढणारे वाफेचे यंत्र तयार केले व त्याचे एकस्व त्यांना १९०१ मध्ये मिळाले. आगगाडीच्या एंजिनासारखा बाष्पित्र, मागील बाजूस दोन साखळीपट्टे आणि पुढील बाजूस वळविण्यासाठी बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या अशी त्याची रचना होती. पुढच्या टोकाला उघड्यावर बसून एक माणूस या पट्ट्या वळवीत असे. ओंडक्यांनी भरलेल्या घसरगाड्यांची लांबच लांब माळ हे यंत्र एकट्याने ओढी. घोड्यांच्या अनेक जोड्यांचे काम ते करीत असल्याने मोठ्या लाकूड कंपन्यांनी ते स्वीकारले. वाफेवर चालणारी अशी एकूण ८३ यंत्रे १९१७ पर्यंत तयार झाली.

कॅलिफोर्नियातील प्रश्न निराळा होता. स्टॉक्टनजवळच्या नदीमुखाकडील जमिनी कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थरांनी बनलेल्या असून त्यांत वाफेच्या ट्रॅक्टरांची रुंद चाकेही खचत. बेंजामिन होल्ट यांनी अशा ट्रॅक्टराची मागची चाके काढून त्या जागी लाकडी फळ्यांचे साखळीपट्टे बसविले व २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याची चाचणी घेतली. यंत्राची चाल पाहून त्याला ‘कॅटरपिलर’ म्हणजे सुरवंट हे नाव पडले व पुढे तेच व्यापारी नाव झाले. होल्ट व त्यांचे प्रतिस्पर्धी सी. एल. बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ मध्ये एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली.

लोंबार्ड व होल्ट यांची यंत्रे अवजड होती. सामान्य शेतकऱ्याला परवडेल अशा लहान क्रॉलर ट्रॅक्टराकडे प्रामुख्याने लक्ष दिले ते ओहायओ राज्यातील क्लीव्हलंड येथील रॉलिन व्हाइट यांनी. शिवणयंत्रांच्या व पुढे मोटारगाड्यांच्या व्यवसायात असलेल्या व्हाइट घराण्यातील या अभियंत्याने १९१६ मध्ये ट्रॅक्टर बनविणारी कंपनी काढली. तिची यंत्रे ‘क्लेट्रॅक’ या नावाने प्रसिद्ध झाली. लहान क्रॉलरला पहिला मोठा अडथळा आला तो किंमतीचा. हेन्री फोर्ड यांनी १९२२ मध्ये आपल्या फोर्डसन या चाकांच्या ट्रॅक्टराची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आणली. चाकापेक्षा साखळीपट्ट्यात कितीतरी अधिक सुटे भाग असतात आणि त्यांतील प्रत्येक भाग कठीण पोलादाचा लागतो. त्यामुळे या स्पर्धेत लहान क्रॉलर स्वस्त करता येणे शक्य नव्हते. ज्यांना चाकांवर काम भागविता येत नव्हते असेच ग्राहक त्याच्याकडे उरले. डोंगराळ फळबागांचे मालक व वनमालक हे त्यांत प्रमुख होते.

या ग्राहकांसाठी पुढील दोन दशकांत अनेक नमुने निघाले. कॅटरपिलर कंपनीने १९२८ मध्ये ‘टेन’ व १९३८ मध्ये डीझेलवर चालणारा ‘डी २’ बाजारात आणला. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे सफरचंदाच्या बागा उतारांवर असल्याने तेथील लिंडमन बंधूंनी जॉन डीअर कंपनीच्या चाकांच्या ट्रॅक्टरांवर साखळीपट्टे बसविण्याचा उद्योग केला. पुढे जॉन डीअर कंपनीने तो विकत घेतला आणि १९४९ मध्ये आपला ‘एमसी’ हा लहान क्रॉलर काढला. क्लेट्रॅकचा ‘एचजी’ हा नमुना १९३९ मध्ये आला. सु. दीड टन वजनाचा, चार सिलिंडरी हर्क्युलीझ पेट्रोल एंजिनाचा व सु. २० अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर लहान क्रॉलरांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. क्लीव्हलंडची कंपनी १९४४ मध्ये ऑलिव्हर कंपनीत विलीन झाली; एचजीचे उत्पादन ऑलिव्हरच्या नावाने १९५१ पर्यंत चालू राहिले व त्यानंतर त्याची जागा ‘ओसी ३’ या नमुन्याने घेतली.

रचना व कार्य : प्रत्येक साखळीपट्टा खिळींनी एकमेकींस जोडलेल्या कड्यांचा असतो. खीळ ज्या पोलादी नळीत फिरते तिला बुश म्हणतात. कड्यांवर बाहेरच्या बाजूस पोलादी पादपट्ट्या बसविलेल्या असून त्यांच्या उभ्या कडा जमिनीत रुतून पकड देतात. मागील दंतचक्र बुशांमध्ये दात अडकवून पट्टा ओढते. पुढील मोकळे चाक पट्ट्याला ताण देते. खालच्या रुळांवर यंत्राचे वजन पडते. थोडक्यात, क्रॉलर ट्रॅक्टर आपला रस्ता स्वतःच पुढे अंथरतो व मागून गुंडाळून घेतो.

जमिनीवर पडणारा दाब कमी असणे हा या रचनेचा मुख्य लाभ होय. उदाहरणार्थ, दीड टन वजनाच्या यंत्राचा प्रत्येक पट्टा २५ सेंमी. रुंद असून त्याची १२० सेंमी. लांबी जमिनीस टेकत असेल, तर दोन्ही पट्ट्यांचे मिळून ६,००० चौ. सेंमी. क्षेत्र होते व दर चौ. सेंमी.ला केवळ पाव किग्रॅ. दाब पडतो. उभ्या माणसाच्या पावलांखालील दाबही साधारणपणे याहून जास्त असतो. हवा भरलेल्या रबरी टायरखालील दाब बहुधा टायरमधील हवेच्या दाबाइतका, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. एक किग्रॅ. किंवा त्याहून अधिक असतो. पकड उत्तम असल्याने क्रॉलर ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याएवढी ओढ देऊ शकतो. चाकांचा ट्रॅक्टर मऊ जमिनीवर तितकी ओढ देण्याआधीच जागच्या जागी फिरू लागतो.

क्रॉलर वळविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र क्लच असे. एका बाजूचा क्लच सोडून व ब्रेक दाबून ती बाजू थांबवीत आणि दुसऱ्या बाजूवर यंत्र वळवीत. वळताना ओढीचा सर्व भार अशा वेळी एकाच पट्ट्यावर येतो. क्लेट्रॅकने नियंत्रित डिफरन्शियलची पद्धत वापरली. तीत एका बाजूचा ब्रेक ओढला असता ती बाजू मंदावते व तेवढ्याच प्रमाणात दुसरी बाजू वेग घेते. दोन्ही पट्ट्यांना शक्ती मिळतच राहते. अशा यंत्राला जागच्या जागी वळता येत नाही, मात्र वळणावरही ओंडक्याची ओढ सुटत नाही. हीच पद्धत पुढे दुसऱ्या महायुद्धातील शर्मन रणगाड्यांत वापरण्यात आली.

वनकामातील उपयोग : तोडलेला ओंडका खोडापासून रस्त्यापर्यंत आणणे हे लाकूडतोडीतील सर्वांत कष्टाचे व जोखमीचे काम होय. लहान क्रॉलर येण्यापूर्वी अमेरिकेच्या ईशान्येकडील वनांत ते घोड्यांकडून होई. ट्रॅक्टराच्या मागे तारदोराचा विंच बसविल्यामुळे यंत्र पक्क्या जागी उभे ठेवून झाडीतला ओंडका जवळ ओढून घेता येऊ लागला. १९३० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील मोठ्या वनांत ट्रॅक्टरामागे पोलादी कमान जोडण्याची पद्धत रूढ झाली. कमानीवरून गेलेल्या तारदोराने ओंडक्याचे पुढचे टोक अधांतरी उचलले जाई. त्यामुळे ओंडका जमिनीत घुसत नसे व ओढ हलकी होई. लहान यंत्रांसाठीही पुढे अशा लहान कमानी वापरात आल्या. १९३३ मध्ये सुरू झालेल्या नागरी संरक्षण दलाच्या योजनेत वनरस्ते व अग्निरोधक पट्टे तयार करण्यासाठीही क्रॉलर ट्रॅक्टरांचा मोठा उपयोग झाला. व्हर्‌माँटसारख्या राज्यांत हिवाळा संपताना साखर-मेपल वृक्षांचा रस गोळा करतात. त्या वेळी जंगलात गुडघाभर बर्फ असते व रसाच्या टाक्या झाडाझाडांमधून ओढून न्याव्या लागतात. अरुंद बांध्याचा लहान क्रॉलर या कामास विशेष सोयीचा ठरला.

ऱ्हास : साखळीपट्ट्याची झीज हा या यंत्राचा मूळ दोष होय. वाळू व चिखल बुशांत शिरून खिळी घासल्या जातात. प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते व तीस-पस्तीस सांध्यांची ढिलाई एकत्र येऊन पट्टा लांबतो. मग दंतचक्राचे दात व बुश यांचा मेळ बसेनासा होतो आणि दातही झिजतात. पट्टे, रूळ व दंतचक्रे बदलण्याचा खर्च पुष्कळदा यंत्राच्या उरलेल्या किंमतीएवढा होई. शिवाय पोलादी पट्ट्यांमुळे डांबरी रस्ता खराब होत असल्याने यंत्र एका रानातून दुसऱ्या रानात न्यावयाचे तर मालमोटारीवर चढवूनच न्यावे लागे. पोलादाऐवजी रबराचे पट्टे वापरण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एचजीच्याच एका प्रकारात करण्यात आला; परंतु ते पट्टे ताणले जात असल्याने तो अयशस्वी झाला. शेतीच्या ट्रॅक्टरासाठी टिकाऊ रबरी पट्टा १९८० नंतरच्या दशकात कॅटरपिलर कंपनीने ‘चॅलेंजर’ या मोठ्या ट्रॅक्टरावर आणला.

दरम्यान चारही चाकांना शक्ती देणारी व मध्ये सांधा असलेली रबरी चाकांची ओंडके ओढणारी यंत्रे १९६० नंतर वेगाने पसरली. ती वेगवान होती व त्यांच्या देखभालीचा खर्चही कमी होता. व्यापारी लाकूडतोडीत लहान क्रॉलर मागे पडला. ऑलिव्हर कंपनी १९६० मध्ये व्हाइट मोटर कंपनीने घेतली. रॉलिन व्हाइट यांच्या घराण्यानेच स्थापन केलेल्या या कंपनीच्या काळात, १९६५ मध्ये, क्लेट्रॅकच्या परंपरेतील क्रॉलर ट्रॅक्टरांचे उत्पादन कायमचे बंद झाले.

जीर्णोद्धार : टाकून दिलेली यंत्रे नाहीशी झाली नाहीत. जाड ओतीव लोखंडाचे भाग व मंद गतीची एंजिने यांमुळे ती कोठारांत व झाडीत वर्षानुवर्षे टिकून राहिली. काही एकर वन असलेल्या मालकाला नवे वनयंत्र परवडत नाही आणि त्याचे काम वर्षाकाठी थोड्याच दिवसांचे असते. अशा मालकांनी ही यंत्रे पुन्हा चालू करण्यास आरंभ केला. वस्तुसंग्रहालयासाठी केलेल्या जीर्णोद्धारात मूळ रंग व मूळ भाग यांना महत्त्व असते. कामासाठी केलेल्या जीर्णोद्धारात यंत्राची सुरक्षितता व टिकाऊपणा यांना प्राधान्य मिळते.

यंत्र निवडताना एंजिनापेक्षा पट्ट्यांची तपासणी आधी करतात. गंजाने अडकलेले एंजिन बहुधा सोडविता येते. ठिणगी गुडद्या काढून सिलिंडरांत भेदक तेल ओततात व ते काही दिवस मुरू देऊन प्रचक्र हलक्या हाताने मागेपुढे हलवितात. जोर केल्यास दट्ट्याची दांडी वाकते किंवा झडपा मोडतात. कार्ब्युरेटर व इंधन टाकी स्वच्छ करणे, मॅग्नेटोची दुरुस्ती करणे आणि थंडीने पाणी गोठून एंजिनाच्या ठोकळ्यास तडा गेला आहे काय हे पाहणे, ही कामे त्यानंतर येतात. हर्क्युलीझसारखी एंजिने इतर अनेक यंत्रांतही वापरलेली असल्याने त्यांचे भाग तुलनेने सुलभतेने मिळतात. पट्ट्यांचे तसे नाही.

पट्टा ताणून धरून चार कड्यांमधील अंतर मोजतात व ते नव्या पट्ट्याच्या अंतराशी ताडून पाहतात. खीळ व बुश हे एकाच बाजूने झिजतात, त्यामुळे ते दाबयंत्राने बाहेर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसविले, तर न झिजलेली बाजू कामी येते व पट्ट्याला दुसरे आयुष्य लाभते. दंतचक्रांचे दातही एकाच बाजूने झिजत असल्याने डावे-उजवे दंतचक्र परस्परांत बदलण्याची युक्ती पुष्कळदा उपयोगी पडते. झिजलेल्या दंतचक्रावर नवा पट्टा चढविणे मात्र व्यर्थ असते, कारण जुने दात नव्या बुशांना थोड्याच काळात झिजवितात. गंजलेल्या सांध्यांत तेल सोडून ते मोकळे करता येतात. परंतु कोरड्या पद्धतीच्या पट्ट्यांना नेहमी तेल देणे हानिकारक असते, कारण तेल व वाळू यांचे मिश्रण घासकाचे काम करते. पट्ट्याचा ताणही नेमका असावा लागतो. अति ताठ पट्टा सर्व सांधे झिजवितो आणि ढिला पट्टा उतारावर वळताना उतरतो. झाडीत उतरलेला पट्टा पुन्हा चढविणे हे काही तासांचे काम होऊन बसते.

डिफरन्शियल व शेवटच्या दंतचक्रांच्या पेट्यांत अनेक वर्षांत दमटपणामुळे पाणी साचलेले असते. ते काढून, खिटींची व तेल अडविणाऱ्या कड्यांची तपासणी करून नवे तेल भरतात. जुन्या ब्रेक पट्ट्यांच्या अस्तरांत ॲस्बेस्टस व जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने हे भाग हवेच्या झोताने साफ न करता ओले करून काढतात. न मिळणारे भाग दुसऱ्या निकामी यंत्रातून घेतात. अशा रीतीने एक यंत्र चालू ठेवण्यासाठी दुसरे खर्ची पडते, आणि मोडावयाचे यंत्र कोणते हा निर्णय जीर्णोद्धार करणाऱ्यास विचारपूर्वक घ्यावा लागतो.

वापर व सुरक्षितता : पुनरुज्जीवित यंत्राने काम करताना वाटा आधी आखून घेतात आणि त्याच वाटांवरून ओंडके आणतात. साखळीपट्टा उभा दाब कमी देत असला, तरी वळताना तो माती नांगरल्यासारखी उकरतो व झाडांच्या वरच्या मुळांना इजा करतो. म्हणून वळणे मोठी व संथ घ्यावी लागतात. जमीन कोरडी किंवा गोठलेली असताना काम करणे वनाच्या दृष्टीने हितावह असते. तथापि बर्फाच्या कठीण थरावर व उघड्या खडकावर पोलादी पादपट्ट्या घसरतात, हे ध्यानात ठेवावे लागते. ओढ नेहमी खालच्या दांड्याला जोडतात. ती उंच जागी जोडली व ओंडका बुंध्यात अडकला, तर यंत्राचा पुढचा भाग उचलला जाऊन ते चालकावर उलटू शकते. आडव्या उतारावरून जाणेही टाळतात.

त्या काळातील लहान क्रॉलरांवर चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट नसे. अमेरिकेत ऑक्टोबर १९७६ नंतर तयार झालेल्या शेती ट्रॅक्टरांवर, कामगार ते चालवीत असल्यास, अशी चौकट बंधनकारक झाली. त्याआधीची यंत्रे या नियमाबाहेर राहिली. यंत्राचे मूळ रूप जपावे की त्यावर चौकट चढवावी हा वाद जीर्णोद्धार करणाऱ्यांत आढळतो. प्रदर्शनापुरत्या चालविल्या जाणाऱ्या यंत्राला मूळ रूप शोभते. वनात मात्र तुटून पडणारी फांदी, ताण सुटलेला तारदोर व उतार हे धोके नित्याचे असल्याने काम करणाऱ्या यंत्रास संरक्षक चौकट आणि विंचापुढे जाळी आवश्यक ठरते. ही चौकट यंत्राच्या वजनास पेलणारी व प्रमाणित असावी लागते. घरी जोडलेले नळ अपघातात टिकत नाहीत.

या परंपरेतील आद्य यंत्रांचेही जतन झाले आहे. मेन राज्यातील ब्रॅडली येथील वनसंग्रहालयाने विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या साहाय्याने लोंबार्डचे वाफेचे यंत्र २०१० नंतरच्या दशकात पुन्हा चालू स्थितीत आणले. लहान क्रॉलरांची संख्या मात्र मर्यादित असून ज्या नमुन्यांचे मूळ पट्टे आता तयार होत नाहीत, त्यांच्या बाबतीत प्रत्येक तासाच्या कामाने उरलेला साठा थोडा थोडा कमी होतो. त्यामुळे जाणते मालक यंत्र केवळ जेथे चाक चालत नाही तेथेच वापरतात, काम संपताच पट्ट्यांतील चिखल खरवडून काढतात आणि थंडीत पट्टे जमिनीला गोठून चिकटू नयेत म्हणून यंत्र लाकडी फळ्यांवर उभे करून ठेवतात.